इलेक्ट्रिक ग्रिल: पावसाळ्यात घेतला, उन्हाळ्यापर्यंत वापरला

मिस्टरांच्या रक्ताच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले आले आणि डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेलाचा विषय काढला. सोलापूरच्या घरात तेल कमी करायचं तर कुठून करायचं, हा खरा प्रश्न. कालवणावर तर्री हवी, ताटात शेंगाची चटणी हवी, पाऊस पडला की भजी हवीत. कालवण आणि चटणी बंद करणं मला पटलं नाही, आणि घरात कुणी ऐकलंही नसतं. मग जे तळून किंवा तेलात परतून करतो, तेवढं तरी भाजून होईल का, असा विचार करून गेल्या पावसाळ्यात इलेक्ट्रिक ग्रिल घेतला. आता मे महिना चालू आहे. तिन्ही ऋतूंत वापरून झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानात ग्रिल ह्या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू दाखवतात. पहिली सँडविच टोस्टरच्या जातीची, सातशे-आठशे वॉटची, प्लेटा कायमच्या बसवलेल्या, तापमान ठरवायची सोय नसलेली. ब्रेड शेकायला ती ठीक आहे. मासा किंवा चिकन ठेवलं की प्लेट थंड पडते आणि तुकडा भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतो. दुसरा प्रकार उघड्या कॉइलवर जाळी असलेल्या बार्बेक्यूचा. चव त्याची चांगली येते, पण चरबी आणि मसाला तापलेल्या कॉइलवर पडतो आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरात धूर कोंडतो. तिसरा कॉन्टॅक्ट ग्रिल. त्यात वर-खाली दोन जाड प्लेटा, दोन्ही तापणाऱ्या. पदार्थ दोन्ही बाजूंनी एकदम भाजतो, म्हणून वेळ जवळजवळ निम्मा लागतो. १९९४ साली अमेरिकेत बॉक्सर जॉर्ज फोरमनच्या नावानं आलेला आणि पुढे दहा कोटींच्या वर विकला गेलेला ग्रिल ह्याच जातीचा. त्याची प्लेट पुढे उतरती होती, त्यामुळे सुटलेली चरबी ट्रेमध्ये गळायची. आजचे बहुतेक कॉन्टॅक्ट ग्रिल तीच कल्पना वापरतात.

आम्ही घेतला तोही कॉन्टॅक्ट ग्रिलच. १५०० वॉटचा, तापमान कमीजास्त करता येणारा, पूर्ण १८० अंशांत, म्हणजे सपाट, उघडणारा आणि प्लेटा निघणारा. बाकी सगळ्या सोयी एकीकडे आणि ही शेवटची एकीकडे.

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सोलापुरात राहणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगायला नको. पिंप भरून ठेवायचं आणि तांब्यानं मोजून वापरायचं. बसवलेल्या प्लेटा नळाखाली धरता येत नाहीत, कारण खाली वीज आहे. मग ओलं फडकं फिरवा, ते पिळा, पुन्हा फिरवा, आणि तरी खाचांमधला मसाला तसाच राहतो. माझ्या बहिणीकडे असाच बसवलेल्या प्लेटांचा ग्रिल आहे. माशाचा वास जाता जाईना म्हणून तो आता माळ्यावर आहे. निघणाऱ्या प्लेटांचं काम सोपं. भाजून झालं की बटण बंद करायचं, ग्रिल कोमट झाला की दोन प्लेटांच्या मध्ये ओला कापड ठेवून झाकण मिटायचं. आतल्या उष्णतेनं वाफ होते आणि चिकटलेलं सगळं मऊ पडतं. जेवणं होईपर्यंत तसंच राहू द्यायचं. नंतर प्लेट काढून मऊ स्पंज आणि दोन तांबे पाणी पुरतं. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच पुसून कोरडी करा, नाहीतर पांढरा थर बसतो. ट्रेमधलं तूपकट पाणी सिंकमध्ये ओतू नका. थंड झाल्यावर रद्दी कागदानं टिपून कचऱ्यात टाकते मी.

निघणाऱ्या प्लेटांचा ग्रिल आम्हाला साध्या ग्रिलच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडला. तरी मी तोच घ्या म्हणेन. धुण्याचा कंटाळा आला की कुठलंही यंत्र माळ्यावर जातं, आणि माळ्यावरच्या ग्रिलनं कुणाचे ट्रायग्लिसराइड उतरत नाहीत. नवी पेठेतल्या दुकानदारानं मला काउंटरवर प्लेटा काढून-लावून बघू दिल्या. तुम्हीही तसं मागा. खटका एका हातानं उघडतो का, प्लेट परत बसवताना हलते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

विजेचं एकच सांगते, पण महत्त्वाचं आहे. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. स्वयंपाकघरातल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला हे झेपत नाही. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, नीट अर्थिंग आणि जाड तार हवी. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. आमच्याकडे त्याच लाइनवर गीझर होता. दोन्ही एकदम चालू झाले की एमसीबी पडायचा, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घेतली. बिलाची धास्ती मात्र बाळगू नका. वीस मिनिटं सलग चालला तरी जास्तीत जास्त अर्धा युनिट होतो, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये वीज तोडत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

आता स्वयंपाक. सगळ्यात मोठा फरक पडला तो उजनी धरणातल्या चिलापी माशात. पूर्वी चार तुकडे तव्यावर तळायला तीन-चार मोठे चमचे तेल सहज जायचं. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. आता तेवढ्याच तुकड्यांना छोटा चमचाभर तेल ब्रशनं लावते. आलं, लसूण, हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवायचं आणि प्लेटवर टाकायच्या आधी फडक्यानं टिपून कोरडे करायचे. ही टिपायची पायरी सोडू नका. दोन प्लेटांमध्ये वाफ अडकते, ओला तुकडा उकडल्यासारखा पांढरट निघतो आणि खरपूसपणा येतच नाही.

काळं तिखट वापरायचं तर जपून. त्यात खोबरं आणि कांदा आधीच तळलेले किंवा भाजलेले असतात. तापलेल्या प्लेटवर ते पुन्हा काळं पडतं आणि कडवटपणा येतो. मी ते चक्क्यात कालवून पातळसं लावते आणि तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवते. चक्काच घ्यायचा, पातळ दह्याचं पाणी सगळं ट्रेमध्ये जातं.

चिकनमध्ये छातीचा तुकडा कोरडा होतो, सासूबाईंना तो चावत नाही. मांडीचा बिनहाडाचा तुकडा घ्या, चपटा करून घ्या. आत शिजलं की नाही हे वरच्या रंगावरून कळत नाही. टोचायचा थर्मामीटर घेतला आहे, आत ७४ अंश दाखवले की काढते. हाडाचं मटण ह्यावर करायच्या फंदात पडू नका, हाडामुळे वरची प्लेट टेकतच नाही. खिम्याच्या टिक्क्या मात्र फार छान होतात, आणि ट्रेमध्ये किती चरबी गळाली हे डोळ्यांनी दिसतं. त्या पहिल्यांदा केल्या तेव्हा सासूबाई ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, "काय भाजलालीस गं, वास तर येईना." खरं आहे त्यांचं. आमच्या शहरातल्या विजापूर वेशीत कोळशावर भाजलेल्या शीकचा जो वास येतो, तो ह्यातून येणार नाही. त्या वासात कोळशावर पडलेल्या चरबीचा धूर असतो. पण त्याच धुराबरोबर पीएएच नावाची घातक संयुगं मांसावर बसतात. बंद ग्रिलमध्ये चरबी विस्तवावर पडत नाही, म्हणून ती कमी. फार जास्त तापमानावर मांस काळं होईपर्यंत भाजलं तर दुसऱ्या जातीची, एचसीए म्हणतात ती, संयुगं तयार होतात, आणि ती ग्रिलमध्येही होतात. लिंबू-लसणाचं वाटण लावून मुरवल्यानं ती घटतात, आणि जळका भाग काढून टाकायचाच. ग्रिलवर केलं म्हणजे आपोआप पौष्टिक झालं, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

भाज्यांसाठी ग्रिल अपेक्षेपेक्षा जास्त वापरात आला. वांग्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या, कांद्याच्या जाड चकत्या, सिमला मिरची, दुधी, पनीर, सगळं सात-आठ मिनिटांत. हिरव्या मिरच्या चीर देऊन आणि लसणाच्या पाकळ्या सोलून ठेवा, बिनतेलाचा ठेचा होतो. चीर दिली नाही तर मिरची फुटते. भरताचं वांगं मात्र गॅसच्या जाळावरच, त्याला धूर लागलाच पाहिजे. भाकरीचंही तसंच. तिला वरून पाण्याचा हात आणि शेवटी जाळावर फुगणं लागतं, ते दोन प्लेटांमध्ये होत नाही. ज्वारीच्या पिठाचं थालीपीठ झाकण मिटून केलं की वरच्या प्लेटला चिकटतं. १८० अंशांत उघडून दोन तव्यांसारखं वापरलं की होतं, पण खाचांच्या प्लेटवर कडा एकसारख्या भाजत नाहीत. सपाट प्लेटा जोडीला मिळत असतील तर घेऊन टाका.

तेल कुठलं, ह्याचाही अनुभव सांगते. आमच्याकडे घाण्याचं करडईचं तेल वापरतात. रिफाइंड न केलेलं करडई तेल फार लवकर धुरावतं, ग्रिलवर ते चालत नाही. प्लेटला रिफाइंड तेलाचा हात लावते, आणि घाण्याचं तेल भाजून झाल्यावर वरून. स्प्रेच्या डब्यातलं तेल नको, त्याचा चिकट थर प्लेटवर बसतो आणि निघत नाही. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, म्हणून रिकामा ग्रिल पूर्ण आचेवर सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका. उलथनं लाकडी किंवा सिलिकॉनचं.

एअर फ्रायर का नाही, असं सगळ्या मैत्रिणी विचारतात. समोसा, कटलेट, गोल-जाड वस्तू असतील तर एअर फ्रायर बरा. चपट्या वस्तू, मासा, चकत्या, टिक्क्या ह्यांना ग्रिलचं थेट तापणं जास्त मानवतं आणि वेळ कमी लागतो. आमच्या ताटात ह्या चपट्या वस्तूच जास्त असतात.

ह्या उन्हाळ्यात एक फायदा कळला, जो विकत घेताना डोक्यातही नव्हता. पारा चाळिशीच्या वर असताना गॅसपाशी उभं राहायचं आणि ज्योत हलते म्हणून पंखाही बंद ठेवायचा, हे दर उन्हाळ्यातलं हाल. ग्रिलला पंख्याचं काही नाही. खिडकीपाशी ठेवते, पंखा चालू, आठ मिनिटांत काम संपलेलं. वळवाच्या पावसात मध्येच लाइट जाते. जाड प्लेटा थोडा वेळ गरम राहतात, तेवढ्यात भाज्या होऊन जातात. चिकन असेल तर थर्मामीटर लावून बघते आणि लागलं तर तव्यावर घेते.

उणिवाही आहेत. वायर जेमतेम मीटरभर. प्लेटेचा मधला भाग कडांपेक्षा जास्त तापतो, म्हणून हिरवा दिवा लागल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. खालच्या प्लेटच्या खाचांवरचा लेप आता थोडा फिकट झाला आहे. बदली प्लेट मागितली तर कंपनीच्या इथल्या सेवा केंद्रात ती नव्हती, पुण्याहून मागवावी लागली आणि त्यात बरेच दिवस गेले. घेतानाच विचारा: बदली प्लेट सुटी मिळते का आणि किती दिवसांत.

मिस्टरांचे आकडे पुढच्या तपासणीत खाली आले. त्यातलं किती श्रेय ग्रिलचं, हे वेगळं काढता येणार नाही. त्याच सुमारास ते रोज सकाळी कंबर तलावापर्यंत चालत जायला लागले आणि संध्याकाळचं तळण बंद झालं. ग्रिलनं एवढं केलं की तळणाच्या जागी ठेवायला काहीतरी चवीचं मिळालं. नुसतं उकडलेलं दिलं असतं तर आठवड्यात त्यांनी ताट सरकवलं असतं.

चार-पाच माणसांच्या घराला हा आकार पुरतो. एका वेळी चिलापीचे चार तुकडे मावतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेला पाहुणे आले तेव्हा फेऱ्यांवर फेऱ्या घालाव्या लागल्या आणि पहिले तुकडे गार झाले. घरात नेहमी आठ-दहा माणसं जेवत असतील तर ह्याऐवजी मोठा बिडाचा तवा आणि कमी तेलाचा हात, हेच जास्त सोयीचं पडेल.