व्हॉइस की ट्रीटी: मेलबर्नच्या मराठी मतदारांसाठी

सिटिझनशिप घेतलेले बरेच जण विचारतात की २०२३ ला व्हॉइसचं रेफरेंडम (देशभरातलं सार्वमत) तर पडलं, मग व्हिक्टोरियात ही ट्रीटी कुठून आली, दोन्ही एकच ना? एकच नाहीये, आणि नोव्हेंबर २०२६ च्या राज्य निवडणुकीआधी हा फरक कळायलाच हवा.

व्हॉइस म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची सल्लागार संस्था, केंद्राच्या पार्लमेंटला त्यांच्या प्रश्नांवर मत कळवणार, व्हेटो वगैरे काही नाही. तिची खरी ताकद म्हणजे ती राज्यघटनेत बसणार होती, म्हणजे सरकार बदललं तरी बंद करता आली नसती. याआधी १९९० पासून एटसिक नावाची त्यांनी निवडून दिलेली संस्था होतीच की, २००५ ला सरकारने गुंडाळली! पण घटना बदलायची तर देशभर बहुमत आणि वर सहापैकी चार राज्यांतही बहुमत लागतं, आणि १४ ऑक्टोबर २०२३ ला साधारण ६० टक्के लोकांनी नो म्हटलं, सहाही राज्यांत हार.

ट्रीटी हा मूळ रहिवाशांचा सरळ सरकारशी करार. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिशांनी १८४० ला माओरींशी वायटांगीचा करार केला, ऑस्ट्रेलियात मात्र जमीन कुणाचीच नव्हती असंच धरून चालले, ते थेट १९९२ ला हायकोर्टाने माबो खटल्यात हा समज खोडून काढेपर्यंत. व्हिक्टोरियात २०१९ ला फर्स्ट पीपल्स असेंब्ली, म्हणजे मूळ रहिवाशांची प्रतिनिधी सभा, निवडून आली, वाटाघाटी झाल्या, योरूक या सत्यशोधन कमिशनने जमीन हिसकावणं, कत्तली, घरातून उचलून नेलेली मुलं हे सगळं ऐकून नोंदवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रीटीचा कायदा पास झाला. असेंब्ली कायमची झाली, सरकारला जाब विचारायची सोय झाली. तुमच्या घराच्या टायटलला यातलं काहीही हात लावत नाही, ही भीती उगाच पसरवली जाते आणि तिचा मला खरंच राग येतो.

ट्रीटीचा कमकुवतपणा एकच पण मोठा, हा साधा कायदा आहे. क्वीन्सलँडने २०२३ ला ट्रीटीचा मार्ग कायद्याने खुला केला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्येच तो रद्द केला, इथल्या विरोधी पक्षानेही तेच जाहीर केलंय.

माझं मत विचाराल तर टिकायला व्हॉइस मजबूत, पण ते रेफरेंडम इतक्यात परत होत नाही. ट्रीटी आज हातात आहे, ती वाचवायला आपलं मत लागणार आहे, म्हणून मी ट्रीटीच्या बाजूने. तुम्ही उमेदवाराला एवढंच विचारा, हा कायदा ठेवणार की काढणार?