पोल डान्सच्या हील्स: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

सात इंची हील म्हटलं की लोक आधी उंचीला दचकतात. वापरून झाल्यावर सांगते, उंची हा या प्रकारातला सगळ्यात कमी त्रासाचा भाग आहे. त्रास देतात ते पट्टा, घोटा आणि माप. दुकानात आपण नवीन बूट घालून चार पावलं चालतो, "बसला" म्हणतो आणि पैसे काढतो. पोलच्या हील्सना ही परीक्षा पुरत नाही, कारण त्या घालून तुम्ही चालता थोडं आणि लटकता जास्त. डोकं खाली, पाय वर, पंजा ताणलेला, अशा वेळी टाच बुटातच राहते का, हे बघायचं. बाकी सगळं नंतर.

माझ्याबद्दल थोडक्यात. शाळेत असताना दोरीचा मल्लखांब केला होता, म्हणून हात-खांद्यांना ओळख आहे. पोल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातच आहे, फरशी आणि स्लॅब यांच्यात दाबून बसवलेला, 45 मिलिमीटर जाडीचा, स्टेनलेस स्टीलचा. शिकवणी ऑनलाइन, पुण्याला जाणं झालं की तिथे एखादा क्लास. पोल अनवाणीही होतो, आणि खेळाच्या अंगाने करणारे बहुतेक अनवाणीच करतात. हील्स आल्या त्या अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमधल्या नर्तकींकडून. ती लांब टाकलेली चाल, जमिनीवरचे घसरते प्रकार, टाचांवर टाच आपटून काढलेला आवाज, हे सगळं त्यांनी घडवलेलं आहे. त्यांची शैली उचलायची आणि त्यांचं नाव निघालं की नाक मुरडायचं, हे मला पटत नाही. असो.

माझ्याकडे दोन जोड्या आहेत. पहिली पारदर्शक पट्ट्यांची सँडल, ऑनलाइन बाजारातून घेतलेली, फारसं नाव नसलेल्या कंपनीची. हील्स आपल्याला झेपतात का ते बघायचं होतं, तेवढ्यासाठी स्वस्तातली पाहिली. दुसरी जोडी घोट्याच्या वर येणाऱ्या नाडीच्या बुटांची, काळं पेटंट म्हणजे चकचकीत लेपाचं, अमेरिकन मापाची. मावसबहीण तिकडून येताना घेऊन आली. दोन्ही सात इंची.

आधी उंचीचा हिशोब, कारण यात भलेभले गोंधळतात. कागदावर लिहिलेला आकडा म्हणजे टाचेखालची उंची. चवड्याखाली प्लॅटफॉर्म, म्हणजे सोलचा जाड थर असतो, तो वजा करायचा. जे उरतं तेवढाच तुमचा पाय तिरका होतो. प्लीझर ही कॅलिफोर्नियातली कंपनी या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेली, तिचीच मॉडेल्स उदाहरणादाखल बघा. डिलाइट 609 ची हील 6 इंच, प्लॅटफॉर्म 1.75 इंच. अॅडोर 708 ची हील 7, प्लॅटफॉर्म 2.75. वजाबाकी दोन्हीकडे 4.25. आणि फ्लेमिंगो 808, जी बघून छातीत धस्स होतं, तिची हील 8 आणि प्लॅटफॉर्म 4. म्हणजे पायाला तिरकेपणा फक्त 4 इंच, सहा इंचीपेक्षाही कमी! लग्नात घालतो ती बिनप्लॅटफॉर्मची साडेचार इंची पेन्सिल हील चवड्याला याहून जास्त छळते.

मग सगळ्यांनी आठ इंचीच घ्यावी का? नको. प्लॅटफॉर्म जाड झाला की जमीन पायाला कळेनाशी होते. घोटा जरा कलला तरी तो जास्त उंचीवरून कलतो, आणि सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय वजन. माझी सात इंचीची एक सँडल स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. उलटं होताना पाय वर फेकायचा आणि त्याच्या टोकाला एवढं ओझं, याची सवय पोटाच्या स्नायूंना व्हावी लागते. फेकल्यावर मात्र तेच वजन पायाला ओढून नेतं, ते मजेशीर आहे. सुरुवातीला सहा किंवा सात, एवढंच म्हणेन.

आता माप. आपल्याकडे नंबर चालतो तो ब्रिटिश पद्धतीचा. बायकांच्या दुकानात युरोपियनही चालतो, "अडतीस दाखवा" म्हणतो तो. अमेरिकन बायकांचा नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण दोनाने जास्त येतो. म्हणजे आपला 5 असेल तर तिकडचा 7, आणि युरोपियन 38 च्या जवळपास. "जवळपास" हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. युरोपियन नंबर वाढला की पावणेसात मिलिमीटरच्या आत. दोन पट्ट्यांवरच्या खुणा जुळतच नाहीत, त्यामुळे तक्त्यात बघून केलेलं रूपांतर अर्ध्या नंबराने इकडेतिकडे होतंच. त्यात या हील्स बऱ्याचदा पूर्ण नंबरातच मिळतात, साडेसहा-साडेसात नसतात. तेव्हा नंबर विसरा आणि सेंटिमीटर धरा. संध्याकाळी, दिवसभराची उभ्याउभ्याची कामं झाल्यावर, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची रेघ मारून घ्या. दोन्ही पायांची, कारण दोन्ही सारखे नसतात. लांबीबरोबर चवड्याचा घेरही मोजा. विकणाऱ्याला हे दोन आकडे पाठवा आणि विचारा. उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नका.

घेर का, तर आपले पाय. आयुष्यभर चप्पल, नाहीतर अनवाणी. बोटं पसरलेली, चवडा रुंद, टाच त्या मानाने बारीक. कोल्हापुरी चपलेत अंगठा अडकवायला वेगळी गोल पट्टी असते, पाय तिथे धरलेला असतो. दोरीच्या मल्लखांबात तर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडायची, सगळी मदार त्यावर. म्हणजे माझ्या पायाला अंगठ्याने धरायची सवय. पोलच्या सँडलमध्ये अंगठ्याला धरायला काहीच नाही. चवड्यावर एक आडवा पट्टा, घोट्याला एक बंद, संपलं. पाय उतारावरून पुढे सरकतो, बोटं प्लॅटफॉर्मच्या बाहेर डोकावतात आणि टाचेमागे फट पडते. अशा वेळी बायका मोठा नंबर मागवतात. त्याने फट आणखी वाढते! बोटं बाहेर येतात ती लांबी कमी पडते म्हणून नव्हे, पाय मागे धरून ठेवणारं काही नसतं म्हणून. माझा अनुभव असा, की उघड्या बोटांच्या सँडलमध्ये दोन नंबरांच्या मध्ये असाल तर लहान घ्यावा, आणि बंद बुटात मोठा. बुटात जाड आतला सोल घालून जागा भरता येते. सँडलमध्ये भरायला जागाच नसते.

इथे कोल्हापूरच्या शहाणपणाचा एक धडा उलटा पडतो. आपल्याकडे घरोघरी सांगतात, चप्पल घट्ट घ्या, आठ दिवस चावेल, तेल लावा, मग पायाची होईल. खरं आहे, पण ते कातड्याचं खरं आहे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पायाच्या आकाराला येतं. पारदर्शक पट्टा असतो पीव्हीसी प्लॅस्टिकचा. तो गरम केला की मऊ होतो, गार झाला की पुन्हा आखडतो. पहिल्या जोडीचा चवड्यावरचा पट्टा करंगळीच्या मुळाशी कापत होता. जाड मोजे घालून, पट्ट्यावर लांबून हेअर ड्रायरची गरम हवा मारून, तो गार होईपर्यंत पाय आत ठेवून बसले. थोडी सुटका झाली, अर्धवट. अर्ध्या नंबराची चूक ड्रायरने निघत नाही.

घोट्याच्या बंदाचं शेवटचं भोकही मला सैल होतं, म्हणून सँडल घेऊन चप्पल लाईनला गेले. 2019 साली ज्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या बाजारात प्लॅस्टिकची सात इंची सँडल पिशवीतून काढताना जरा चोरट्यासारखं वाटलं, हे कबूल. पण कारागीर मामांनी तोंडाची रेघ हलू दिली नाही. उलटीपालटी करून बघितली, पट्टा वाकवला आणि म्हणाले, "ताई, ह्ये कातडं न्हवं. नुसतं भोक पाडलं तर तिथनंच फाटत जाईल." मग मागून कातड्याचा छोटा तुकडा लावून शिवला, भोकाला पितळी कडी बसवली आणि बक्कल बाहेरच्या अंगाला आहे ना, हे स्वतःहून तपासलं. बक्कल आतल्या बाजूला असेल तर ते पोलला लागतं, पोलवर ओरखडे आणि दुसऱ्या पोटरीवर वेगळे. पोल म्हणजे काय ते न विचारता त्यांना हे कळलं. ती कडी आजही शाबूत आहे. सँडलचं बाकी अंग तिच्याआधी थकलं.

घरी बूट आला की काय करायचं, ते सांगते. खोके फाडू नका, लेबल काढू नका. पलंगावर उताणं पडा, पाय सरळ वर. पंजा ताणा, सोडा, ताणा. पाय झटका. मग कुणाला तरी हील धरून हलकेच ओढायला सांगा. टाच आतल्या सोलपासून बोटभर सुटत असेल तर बूट परत करा, दिसायला कितीही देखणा असो. बंद घोट्याच्या सगळ्यात बारीक जागी बसला पाहिजे. हाडावर आला तर कातडी सोलवटतो. ताणलेल्या पंज्यात घोट्याची जाडी बदलते, म्हणून उभ्याने आवळलेला बंद वर गेल्यावर ढिला वाटू शकतो. आवळताना पंजा थोडा ताणून आवळायचा. माझी ही परीक्षा चालू असताना सासूबाई दारातून बघत होत्या. "एवढ्या उंचावरनं काय रंकाळा दिसतोय काय गं?" एवढंच म्हणाल्या आणि हील ओढायला त्याच आल्या.

आता पोलवर गेल्यावर. चढताना पायाची वरची बाजू पोलला घासते, म्हणून तिथे कुठला पदार्थ आहे याने फार फरक पडतो. पेटंटचा चकचकीत पृष्ठभाग स्टीलला चिकटून धरतो. चढताना जणू फुकटची पकड. पण तोच चिकटपणा वळताना आडवा येतो आणि दोन्ही बूट एकमेकांवर घासले की चिर्र आवाज करत अडकतात. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा असेल तर सरकतो छान, धरतो कमी. चमकी लावलेल्या हील्स फोटोत उजळ दिसतात, पण चमकी झडते, पोलला आणि गुडघ्याला खरवडते. सरावाला नकोच.

बुटांचं म्हणाल तर घोट्याला नाडीने बांधून ठेवण्याचं सुख वेगळं आहे. नाडी खाली थोडी सैल आणि घोट्याशी घट्ट बांधली की रुंद चवडा आणि बारीक टाच दोन्ही सांभाळले जातात, जे सँडलच्या एका बंदाला जमत नाही. उलटं झाल्यावर बूट हलत नाही. तक्रारी दोन. चेन आतल्या बाजूला आहे, ती पोलवर घासते. तिच्यावर कापडी पट्टी चढवून काम भागवते. आणि एप्रिल-मे मध्ये आत अक्षरशः भट्टी. पातळ सुती मोजा घातला नाही तर घामाने पाय आतल्या आत फिरतो. सँडलमध्ये घामाचा त्रास वेगळा: पीव्हीसीखाली वाफ धरते आणि पारदर्शक पट्टा दुधाळ दिसतो. चवड्याखाली चिकटणारी जेलची गादी घातली, तेव्हा सरकणं बरंच थांबलं. गादी जाड नको, नाहीतर पाय वर येतो आणि पट्टा पुन्हा कापायला लागतो.

फरशीचा विषय खालच्या मजल्यावरच्या काकांनी काढला. टाच आपटायचा सराव दुपारी, जाड रबरी मॅटवर, असा तह झालाय. मॅट फार मऊही चालत नाही, हील रुतते आणि घोटा डळमळतो. गुडघ्यांना पॅड हवेतच.

पावसाळ्यात मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. आमच्याकडे जुलैमध्ये भिंतींनाही ओल येते. दमट हवेत पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हळूहळू भुगा होतो आणि डिंकाचे जोड उघडतात. पहिल्या जोडीचा प्लॅटफॉर्म पुढच्या कडेला सुटला तो याच दिवसांत. खोक्यात कोंडून ठेवू नका, वाळवून हवेशीर जागी ठेवा. उन्हात मात्र नको. आणि आपल्या सगळ्यांची सवय, वर्तमानपत्रात गुंडाळणं, ती इथे बंद. पेटंट आणि पीव्हीसी शाई शोषून घेतात आणि तो डाग निघत नाही. दोन पेटंट बूट एकमेकांना टेकवूनही ठेवू नका, चिकटतात. जुन्या पांढऱ्या सुती धोतराचे तुकडे मध्ये घाला.

पाय कसे आहेत म्हणाल, तर पोटऱ्या पहिल्या महिन्यात दगड झाल्या होत्या. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं घालायच्या, मग काढून पोटरी आणि तळवा ताणून घ्यायचा. अंगठ्याजवळचं हाड आधीच बाहेर आलेलं असेल तर टोकदार बंद बूट घेऊ नका, उघड्या बोटांच्या सँडलच बघा. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर आधी अनवाणी एका पायावर चवड्याने उभं राहता येतं का ते बघा, हील्स नंतर.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर नाडीचे बूटच घेईन, याच नंबराचे, पण बिनचकाकीचे, आणि चेन बाहेरच्या बाजूला असलेले. स्वस्त सँडल आता फक्त जमिनीवरच्या प्रकारांना वापरते. तिच्या टाचेखालच्या रबरी टोप्या झिजल्यात; मामांना विचारलं तर म्हणाले, मापाच्या मिळाल्या तर बसवून देतो, नाहीतर टायरचं रबर कापून लावतो. टायरच्या रबराला होकार देऊन आलेय.