पेट्रोलचा काटा वर आला, गाडी मात्र बंद पडली

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा चालेना आणि कुणी "सगळं मीटरच गेलंय" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी आमचं काय झालं ते वाचा.

वडिलांची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. टाकी फुल्ल केली तरी काटा तळालाच. हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली डोकावलंही नाही. "मीटर गेलंय काका, टाकीतला फ्लोट बी गेलाय. पार्ट आता मिळत न्हाईत, वळखीनं आणायला लागतील." (फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी काट्याला कळवणारा भाग.) साडेचार हजार घेतले आणि साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. संध्याकाळी काटा अर्ध्याच्या वर! वडील खूश.

गगनबावड्याहून परतताना कळ्याजवळ गाडी आचके देऊन बंद पडली. काटा अर्ध्याच्या वरच, टाकी मात्र कोरडी.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्यानं आधी टेंपरेचरचा काटा बघितला. दोन्ही काटे एकदम बिघडले तर मीटरच्या सप्लायवर संशय, एकटा पेट्रोलचा बिघडला तर टाकीकडे बघायचं, असं त्याचं गणित. चावी ऑन ठेवून त्यानं फ्लोटची वायर काढली. आता काटा खाली बसायला हवा होता, पण तो जागचा हलेना. वायर चाचपत गेल्यावर टेपखाली एक चिमुकला रेझिस्टन्स (करंट अडवणारा पार्ट) सापडला, दुसरं टोक बॉडीला जोडलेलं. म्हणजे टाकीत पेट्रोल असो नसो, काटा त्याच जागी! तो काढताच काटा खाली बसला. वायर क्षणभर बॉडीला टेकवली, काटा थेट फुल्लवर. मीटरही ठीक, वायरही ठीक. (सगळ्याच गाड्यांत काटा असा वर जात नाही, काहींत उलटं असतं. आणि टाकी उघडी असताना हा प्रयोग अजिबात नको, ठिणगी पडते.)

खरा दोष होता फ्लोटच्या अर्थिंगचा, म्हणजे बॉडीशी असलेल्या जोडणीचा; तिथला बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरनं घासून आवळला, काम झालं. फ्लोटच्या प्लेटच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांचा चिखल तसाच होता, त्यांना कुणी पाना लावलाच नव्हता. "नव्या" मीटरवर किलोमीटरचा आकडा जुनाच, काचेवरचा चराही तोच. बदललेला पार्ट परत मागून घ्या असं म्हणतात ते याचसाठी.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, "काटा वर आणायचा होता, आणला की!" बरीच हुज्जत घातल्यावर त्यानं मीटरचे पैसे परत दिले. फ्लोटचे अजून येणे आहेत, आणि चिठ्ठीवर गॅरेजचं साधं नावसुद्धा नाही.