आकाशदर्शन पैसे वसूल, पण तेवढा हॅलोजन काढा

देवगडजवळच्या एका होमस्टेत मार्गशीर्ष अमावस्येला आकाशदर्शनाला गेलो होतो. जेवणासकट माणशी आठशे. मालक ओळखीचे आहेत आणि पुढे तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

दुर्बिणीच्या आशेने जाऊ नका. रांगेत मागचा ढकलत असतो, आणि मृगातला तेजोमेघ दिसतो तो नीट न पुसलेल्या पाटीसारखा. खरी मजा माहिती सांगणाऱ्या पोराची. राशीभविष्य नाही, पुराण नाही. प्रत्येक ताऱ्याचं वय सांगत गेला. त्या तेजोमेघात तारे अजून जन्मताहेत. कृत्तिका दहाएक कोटी वर्षांच्या, म्हणजे कोवळ्याच. रोहिणी म्हातारी, गाभ्यातला हायड्रोजन संपला, म्हणून फुगून तांबूस झाली. आपला सूर्यही 500 कोटी वर्षांनी त्याच वाटेला.

मग मृगातली तांबडी काक्षी. वय जेमतेम कोटीभर वर्षं आणि तरी शेवटाला आलेली. सासरे म्हणाले, "अरे, रोहिणीपेक्षा एवढी लहान, मग आधी कशी जाणार?"

"आजोबानू, वजन जास्त, म्हणान जळता पण बेगीन."

"आमचा डॉक्टर पण हेच सांगतो," सासरे म्हणाले.

2019 च्या अखेरीस काक्षी मंदावली तेव्हा आता फुटणार म्हणून बोभाटा झाला होता. निघाली तिनेच बाहेर टाकलेली धूळ! फुटेल तेव्हा मात्र मागे बहुधा न्यूट्रॉन तारा, म्हणजे दाबून घट्ट झालेला गाभा, उरेल. सूर्याचा होईल श्वेत बटू, म्हणजे विझत जाणारा छोटा गाभा, व्याधाच्या जोडीदारासारखा: वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. तो जोडीदार आमच्या दुर्बिणीतून दिसणार नाही हे पोराने आधीच सांगून टाकलं. श्वेत बटूला सूर्याच्या 1.4 पटीपलीकडे वजन झेपत नाही. 1930 साली खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले, त्या प्रवासातल्या गणितातून ही मर्यादा पुढे आली.

आता तक्रार. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी पार्किंगचा हॅलोजन लावला. मालक म्हणतात, बिबट्या फिरतो. फिरू दे, पण लाल कागद गुंडाळलेला बल्ब लावा ना!

सुरमई ताजी, सोलकढी पाणचट. चटया दवाने भिजतात, स्वेटर न्याच. सकाळी विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे बघून या, ग्रहण बघायला बांधलेले म्हणतात ते. 18 ऑगस्ट 1868 च्या ज्या खग्रास ग्रहणात सूर्यातल्या हेलियमची पहिली खूण दिसली, त्याची पट्टी इथूनच गेली होती. पॅकेजमध्ये ते नाही, रिक्षा आपली आपण ठरवावी लागते.