आधी तार, मग बॅटरी: छोट्या केबिनबोटीची वायरिंग बदलताना

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, आणि खाडीकाठच्या टपरीवर एकच विषय: यंदा काय काय काढायचं. माझी होडी मासेमारीची नाही. 26 फुटांची फायबरची केबिनबोट, एक डिझेल इंजिन, 12 व्होल्टची वायरिंग. पावसाळ्यात मात्र तीही त्याच रांगेत, तशाच निळ्या ताडपत्रीखाली. अशी होडी सेकंडहँड घेतलेले दोघे-तिघे दर वर्षी सल्ला विचारायला येतात, आणि त्यांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. आधी लिथियम बॅटरी, मग फ्रीज, मग मोठ्या स्क्रीनचा प्लॉटर (नकाशावर होडीची जागा दाखवणारं यंत्र), आणि जाता जाता, "वायरिंग तीच चालेल ना?"

मी हा क्रम उलटा लावतो. हातात ठरावीकच पैसे असतील तर आधी तार, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आणि फ्यूज. बॅटरी आहे तीच आणखी दोन हंगाम ढकला.

डागडुजी की सगळी नवी

स्विचच्या पॅनलमागची एखादी वायर लगपाशी कापा आणि सोलून बघा. आत तांबं तांबडं, चकचकीत असेल तर लग बदलून मोकळे व्हा. माझ्या बिल्ज पंपाची, म्हणजे होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, वायर मी अशीच सोलली, तर आत काळीठिक्कर. बोटभर मागं सोलली, काळी. वीतभर मागं सोलली, तरी काळीच, आणि चिमटीत चुरली तर हिरवट भुकटी. केसासारख्या बारीक तारांमधून खारी ओल आत चढत जाते, समईच्या वातीत तेल चढतं तशी. बाहेरून वायर करकरीत दिसते म्हणून कुणाला संशयही येत नाही.

वीतभर मागं गेल्यावरही तांबं काळंच निघत असेल तर डागडुजीत अर्थ नाही. कुजलेल्या वायरला नवा लग मारला तर तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल, एवढंच. डागडुजी शोभते कुणाला? ज्याची होडी तीन-चार वर्षांचीच आहे, किंवा जो दिवसाउजेडी खाडीतच फिरतो आणि वर्षभरात विकणार आहे, त्याला.

मधला मार्गही आहे, आणि मी तोच घेतला. बिल्ज पंप, होडीचे रात्रीचे दिवे, व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) आणि इंजिन स्टार्टची जाडी केबल, ही चार कामं पूर्ण नवी. पंखा, गाणी, मोबाइल चार्जिंग यांच्या जुन्या वायरी तशाच ठेवल्या, पण प्रत्येकीला स्वतःचा फ्यूज दिला. आधीच्या मालकाने एकाच फ्यूजवर पाच वस्तू टांगल्या होत्या. तो उडायला लागल्यावर त्याने वायर नाही बदलली, मोठा फ्यूज घातला. फ्यूज हा यंत्रासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, हे एवढं त्याला कुणी सांगितलं असतं तर केबिनच्या छतावरचा तो तपकिरी डाग टळला असता.

तीन प्रकारच्या तारा

खरी तुलना इथे आहे. बाजारात तीन पर्याय मिळतात.

पहिली, घरगुती वायर. लोहार चाळीत काय, तालुक्याच्या गावात काय, कुठेही 90 मीटरचं बंडल मिळतं: दीडची, अडीचची, चारची (चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याची जाडी). तांबं चांगलं असतं, भाव परवडतो. पण तांबं उघडं असतं, आणि खाऱ्या हवेत त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

दुसरी, बोटीसाठीच बनवलेली टिन्ड वायर. तिच्या प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा मुलामा असतो. पितळी पातेल्याला कल्हई करतात, तसाच प्रकार. कल्हई असेपर्यंत पातेलं कळकत नाही, तशी ही तारही काळी पडत नाही. शिवाय ती लवचिक असते, फायबरच्या अडचणीच्या कोपऱ्यांतून सहज वळते. मला ती घरगुती वायरीच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडली, आणि हवा तो रंग मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं.

तिसरा पर्याय फारसा कुणाला सुचत नाही: सोलर पॅनलची डीसी केबल. तीही टिन्ड तांब्याची असते, उन्हाला टिकते, आणि गावोगावी छतांवर पॅनल बसल्यामुळे कुठल्याही सोलरवाल्याकडे चार आणि सहा चौरस एमएममध्ये लाल-काळी मिळते. दोष दोन. दुहेरी आवरणामुळे जाड आणि ताठ असते, म्हणून पॅनलमागच्या गर्दीत वैताग आणते. आणि स्वस्तातल्या केबलमध्ये कधी कधी टिन नसतं, कधी तांबंच नसतं, अॅल्युमिनियम असतं. दुकानात अर्धा इंच सोलून बघा. तार आतून चंदेरी दिसायला हवी, आणि ब्लेडने खरवडल्यावर खाली तांबडी. खरवडूनही चंदेरीच राहिली तर परत द्या. लांब सरळ पल्ल्यांना, म्हणजे बॅटरीपासून पॅनलपर्यंत, सोलर केबल. पॅनलपासून पुढे टिन्ड बोटवायर. मी असं वाटून घेतलं आणि पस्तावलो नाही.

आता जाडी. घरात 230 व्होल्टमधला अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर कुणाला पत्ता लागत नाही. 12 व्होल्टमध्ये तो जाणवतो. माझा 25 वॉटचा व्हीएचएफ बोलताना साधारण साडेपाच अँपिअर ओढतो. बॅटरी मागे, सेट पुढे, अंतर 6 मीटर, जाऊन-येऊन 12. दीडच्या वायरीत यावर सुमारे 0.77 व्होल्ट जातात, अडीचच्यात 0.46, चारच्यात 0.29. एबीवायसी या बोटींचे मानक ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नियमांत अशा महत्त्वाच्या सर्किटला 3 टक्के घट चालते, म्हणजे 0.36 व्होल्ट. अडीचची नापास, चारची पास. अंतर मोजताना लोक परतीची वायर विसरतात, आणि तिथेच निम्म्याने चुकतात.

जोड सोल्डरचा की क्रिम्पचा (पक्कडीने दाबून बसवलेला), यावर टपरीवर भांडणं होतात. मी क्रिम्पच्या बाजूचा. सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. रॅचेटचं पक्कड घ्या, टिन्ड लग मारा, वरून गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. काळी टेप नको. एप्रिलच्या उन्हात ती आपोआप सुटते.

बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर उचलून होडीत टाकायचा मोह अनेकांना होतो. उंच, जड, हलल्यावर अॅसिड सांडणारी वस्तू. नकोच. उरल्या दोन: शिशाची सीलबंद, एसएमएफ किंवा एजीएम नावाने मिळणारी, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट.

100 अँपिअर-अवर शिशाच्या बॅटरीतले 50 वापरावेत. रोज त्याखाली गेलात तर ती लवकर मरते. लिथियममधले 80 ते 90 खुशाल वापरा. वजन शिशाचं 30 किलोच्या आसपास, लिथियमचं 12-13. आयुष्य लिथियमचं कितीतरी जास्त. कागदावर सामना एकतर्फी आहे.

पण तुमचा रोजचा खर्च मोजा. जुना 10 वॉटचा नांगराचा दिवा रात्रभरात 8 अँपिअर-अवर खायचा, एलईडी 2 खातो. केबिनचे एलईडी, पाण्याचा पंप, मोबाइल मिळून आणखी 8-10. म्हणजे फ्रीज नसेल तर शिशाच्या एका बॅटरीवर दोन रात्री आरामात निघतात. फ्रीज लावला की त्याचेच दिवसाला 40. थोडक्यात, तुम्हाला लिथियम हवी का, हा प्रश्न मुळात फ्रीज हवा का, हा आहे. मी जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेतो. पापलेट तिसऱ्या दिवशीही ताजं असतं.

लिथियम घेणारच असाल तर तिच्यासोबतचा खर्चही धरा. ती रिकामी असताना अल्टरनेटर देईल तेवढा करंट गिळते, आणि छोट्या इंजिनाचा अल्टरनेटर तासभर पूर्ण भारावर चालण्यासाठी केलेला नसतो, तापून जातो. म्हणून मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. चालत्या इंजिनावर बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, बॅटरी अचानक तोडली तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात, तेही तो चार्जर टाळतो. आणि अशा बहुतेक बॅटऱ्यांना 45 अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही. मे महिन्यात इंजिनाच्या खोलीत हात घालून बघा, मग जागा ठरवा. वापराची बॅटरी शिशाची असो वा लिथियमची, इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी, शिशाचीच.

बॅटरी कुठलीही असो, मुख्य फ्यूज तिच्या टर्मिनलपासून वीतभरातच हवा. तिथून पॅनलपर्यंतची केबल कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं दुसरं काहीच नसतं.

काम कुणाकडून

घराचा वायरमन हात स्वच्छ ठेवतो, पण वायरी पिळून वर टेप गुंडाळतो. गाड्यांचा इलेक्ट्रिशियन 12 व्होल्ट जाणतो, पण त्याला बॉडीला अर्थ मारायची सवय. फायबरच्या होडीला बॉडीच नाही, प्रत्येक वस्तूला परतीची वायर न्यावी लागते. मी गाड्यांचाच घेतला आणि लग स्वतः मारले. डीसीच्या निगेटिव्हला पिवळा रंग वापरला, कारण काळी वायर बघितली की आपल्याकडचा माणूस तिला घरातला न्यूट्रल समजतो.

होडी पाण्यात सोडण्याआधी एक मोजमाप करा. दिवे, पंप, पंखा सगळं चालू ठेवा, मल्टिमीटर व्हीएचएफच्या मागच्या टर्मिनलला लावा, आणि रिकाम्या चॅनलवर, संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या 16 वर नव्हे, दोन सेकंद बोलायचं बटण दाबा. मागच्या वर्षी माझ्याकडे 11.3 व्होल्ट दिसले होते. या ऑगस्टमध्ये 11.9 दिसले, त्याच जुन्या बॅटरीवर.