एक ते दहाचा आकडा आणि न्यू जर्सीतले पहिले घर : ग्रेटस्कूल्सचे परीक्षण

न्यू जर्सीच्या उपनगरांत पहिले घर शोधणारे मराठी कुटुंब घराची छायाचित्रे पाहण्याआधी बहुधा एक आकडा पाहते. झिलो, रेडफिन किंवा रिअल्टर डॉट कॉम यांपैकी घरविक्रीचे कोणतेही संकेतस्थळ उघडले, तरी घराच्या माहितीखाली त्या पत्त्याला लागू होणाऱ्या प्राथमिक शाळेचे, मिडल स्कूलचे आणि हायस्कूलचे नाव दिसते आणि प्रत्येक नावासमोर एक ते दहांमधला आकडा दिसतो. हा आकडा त्या संकेतस्थळांनी काढलेला नसतो. तो कॅलिफोर्नियातील ग्रेटस्कूल्स या ना-नफा संस्थेकडून आलेला असतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची सेवा पालकांसाठी विनामूल्य आहे. तिच्या उत्पन्नाचा काही भाग देणग्यांतून, तर काही भाग हीच माहिती घरविक्रीच्या संकेतस्थळांना परवान्याने देण्यातून येतो. एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात घर घेणाऱ्याला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो : शोधाला सुरुवात करण्यासाठी ती चांगली आहे, दोन घरांतल्या किमतीचा फरक योग्य आहे का हे ठरवण्यासाठी ती अपुरी आहे, आणि बहुतेक जण तिचा वापर या दुसऱ्याच कामासाठी करतात.

पुण्यात किंवा ठाण्यात घर आणि शाळा या दोन वेगळ्या चिंता असतात. प्रवेश मिळाला की स्कूलबस लावून मूल शहराच्या दुसऱ्या टोकालाही जाते. येथे सरकारी शाळेतली जागा पत्त्याशी बांधलेली असते. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक क्षेत्रे) आहेत, आणि बहुतेक डिस्ट्रिक्टना स्वतःचे निवडून आलेले मंडळ, स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्वतःची करआकारणी आहे. इतक्या तुकड्यांत विभागलेल्या राज्यात नवख्या माणसाला काहीतरी चाळणी लागणारच.

ती चाळणी एजंटकडून मिळत नाही, हे पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना उशिरा कळते. आपल्याकडे दलालाला विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणजे ‘वस्ती कशी आहे?’ आणि दुसरा ‘आपली माणसे आहेत का?’ अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. ग्राहकाला लोकवस्तीच्या आधारे एखाद्या भागाकडे वळवणे किंवा तेथून परतवणे हेही त्या बंदीत येते. त्यामुळे सावध एजंट या दोन्ही प्रश्नांवर गप्प राहतो, आणि ‘शाळा चांगली आहे का?’ या प्रश्नालाही पुष्कळदा ‘संकेतस्थळावर पाहा’ असे उत्तर देतो. हे मौन कायद्याला धरून आहे आणि रास्तही आहे, कारण शाळा चांगली किंवा वाईट म्हणण्याच्या आडून कोणती वस्ती सुचवली जात होती याचा इतिहास या देशात फार जुना नाही. परंतु त्या मौनाने रिकामी झालेली जागा ग्रेटस्कूल्सच्या आकड्याने व्यापली आहे. जी गोष्ट एजंटने बोलणे कायद्याला मान्य नाही, ती पुष्कळ अंशी तो आकडाच सांगून जातो, आणि या सेवेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप नेमका हाच आहे.

आकडा कशाचा बनतो, ते पाहिले की हा आक्षेप समजतो. प्रारंभी त्याचा मुख्य आधार राज्याच्या परीक्षांतील गुण हा होता. न्यू जर्सीत या परीक्षा तिसरीपासून घेतल्या जातात. २०१७ पासून संस्थेने विद्यार्थ्यांची वर्षागणिक प्रगती, वंचित गटांतील मुलांची कामगिरी आणि हायस्कूलसाठी महाविद्यालयीन तयारी असे घटक जोडून एकत्रित आकडा द्यायला सुरुवात केली. तरीही २०१९ मध्ये चॉकबीट या शिक्षणविषयक वृत्तसंस्थेने केलेल्या तपासणीत असे दिसले की, हे आकडे पालकांना प्रामुख्याने सधन आणि गोऱ्या किंवा आशियाई विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक असलेल्या शाळांकडे नेतात. २०२० मध्ये संस्थेने आपली पद्धत बदलून प्रगतीच्या घटकाला अधिक वजन दिले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांनी देशभरातील परीक्षांचे निकाल एकत्र मांडून दाखवले आहे की, एखाद्या डिस्ट्रिक्टमधील मुलांचे सरासरी गुण तेथील कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट जोडलेले असतात, परंतु तीच मुले वर्षभरात किती पुढे जातात याचा त्या स्थितीशी असलेला संबंध बराच सैल असतो. सरासरी गुणांत मुलाने घरून काय आणले तेही मिसळलेले असते. शाळेने काय दिले याच्या जवळ जाणारा निकष प्रगतीचा आहे. म्हणून ग्रेटस्कूल्सच्या पानावर एकत्रित आकड्यापाशी न थांबता खाली जाऊन प्रगतीचा आणि परीक्षेतील गुणांचा आकडा वेगवेगळा वाचावा. घरविक्रीच्या संकेतस्थळावर केवळ एकत्रित आकडा ठळकपणे समोर येत असल्यामुळे हा फरक तेथे नजरेआड होतो. मूळ पानावर जाण्याचा कंटाळा करू नये. गुण नऊ आणि प्रगती पाच असलेल्या शाळेपेक्षा गुण सहा आणि प्रगती नऊ असलेली शाळा मला, निदान प्राथमिक वर्गांसाठी, अधिक आकर्षक वाटते, आणि तिच्या भोवतालची घरे बहुधा स्वस्तही असतात.

येथे एक अडचण आहे, जिचा फटका लहान मुलांच्या आईवडिलांनाच बसतो. परीक्षा तिसरीपासून सुरू होत असल्यामुळे आणि प्रगती मोजायला दोन वर्षांचे निकाल लागत असल्यामुळे, ज्या डिस्ट्रिक्टमध्ये प्राथमिक शाळा दुसरी-तिसरीपर्यंतच आहे, तेथे त्या शाळेविषयी सांगण्यासारखे या सेवेकडे फारच थोडे असते. तीन वर्षांच्या मुलासाठी घर शोधणारे कुटुंब ज्या शाळेचा आकडा सर्वांत उत्सुकतेने पाहते, तिच्याबद्दलच तो सर्वांत कमी बोलतो. दुसरी गोष्ट अशी की, तुलना त्या-त्या राज्यातील शाळांशीच केलेली असते. डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या बक्स काउंटीतही (काउंटी म्हणजे जिल्हा) घरे पाहणारी अनेक कुटुंबे आहेत. तेथील आठ आणि न्यू जर्सीच्या मर्सर काउंटीतील आठ हे वेगवेगळ्या परीक्षांवर, वेगवेगळ्या शाळांच्या तुलनेत काढलेले आकडे आहेत, आणि ते शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

दहापैकी नऊ किंवा दहा मिळवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलांचे दिवस कसे जातात, हेही आकड्यात नसते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे संयुक्त डिस्ट्रिक्ट याचा बोलका दाखला आहे. २०१५ मध्ये तेथील अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी विद्यार्थ्यांवरील ताणाविषयी पालकांना १६ पानी पत्र लिहिले. हायस्कूलमधील सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद करणे आणि काही रात्री गृहपाठमुक्त ठेवणे असे बदल तेथे झाले. पालकांत उघड फूट पडली. अभ्यासाची धार कमी होईल म्हणून विरोध करणाऱ्यांत आशियाई वंशाच्या पालकांचा आवाज मोठा होता, आणि तो वाद राष्ट्रीय वृत्तपत्रांपर्यंत गेला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे. पण घर घेताना आपण एका शाळेबरोबर आजूबाजूच्या पालकांची अपेक्षाही विकत घेत असतो, आणि आपले मूल त्या अपेक्षेखाली फुलेल की दबेल, याचा विचार मॉर्गेजच्या (गृहकर्जाच्या) हप्त्याइतक्याच गांभीर्याने व्हायला हवा. प्लेन्सबरोत भाड्याची अपार्टमेंट पुष्कळ असल्यामुळे काही कुटुंबे आधी तेथे भाड्याने राहून मग घर घेण्याचा निर्णय करतात. ज्यांना लीजच्या मुदतीपुरता धीर धरता येतो, त्यांच्यासाठी कोणत्याही आकड्यापेक्षा ही रीत भरवशाची आहे.

आता पत्त्याचा घोळ. न्यू जर्सीत टपालाचा पत्ता आणि टाउनशिप (म्हणजे नगरपालिका) यांचा मेळ असेलच असे नाही. ‘प्रिन्स्टन’ असा टपालपत्ता असलेली घरे साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स आणि प्लेन्सबरो येथेही आहेत, आणि त्या मुलांचा प्रिन्स्टनच्या शाळांशी काही संबंध नसतो. केंडल पार्क, मॉनमाउथ जंक्शन आणि डेटन ही नावे वेगळी असली तरी डिस्ट्रिक्ट साउथ ब्रन्सविकचेच. ज्या ओक ट्री रोडवर आपण पोहे, मेतकूट आणि गणपतीची मूर्ती घेतो, तो रस्ता एडिसनमधून इझलिनमध्ये शिरतो, आणि इझलिन हा वुडब्रिज टाउनशिपचा भाग असल्यामुळे तेथे डिस्ट्रिक्टही बदलते. जाहिरातीत दाखवलेली शाळा बरोबर असेलच याची हमी संकेतस्थळे देत नाहीत. डिस्ट्रिक्टकडून खात्री करून घ्या, अशी सूचना बारीक अक्षरांत असते. ग्रेटस्कूल्सनेही हीच सूचना आकड्याइतकी ठळक छापली, तर अनेकांचे नुकसान टळेल.

एडिसनमध्ये तर डिस्ट्रिक्ट एकच, मंडळ एकच, कराचा दरही एकच, तरीही जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलच्या हद्दीतील घरांना एडिसन हायस्कूलच्या हद्दीतील घरांपेक्षा अधिक भाव मिळतो, हे तेथे घर शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दरेषेच्या दोन्ही अंगांना असलेल्या घरांची तुलना केली होती. परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असे त्यांना आढळले. हा हिशेब हाताशी ठेवण्यासारखा आहे. रेषेच्या पलीकडचे तसेच घर दहा-पंधरा टक्क्यांनी महाग असेल, तर तो फरक शाळेच्या गुणांनी पटण्यासारखा आहे का, की केवळ नावासाठी आपण पैसे मोजत आहोत, हे विचारायला हवे. शिवाय ही रेषा मंडळाने आखलेली असते, आणि विद्यार्थिसंख्या वाढली किंवा नवी गृहसंकुले उभी राहिली की मंडळ ती बदलूही शकते. घराची किंमत तीस वर्षे फेडायची असते. हद्दीला तेवढ्या मुदतीचे बंधन नसते.

करांविषयी थोडक्यात. न्यू जर्सीत घराच्या वार्षिक प्रॉपर्टी टॅक्सची सरासरी २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेली, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक रक्कम शाळांसाठी जाते. मॉर्गेजचा व्याजदर स्थिर घेतला तरी एस्क्रोतून (कर भरण्यासाठी कर्जदात्याकडे हप्त्यासोबत जमा होणाऱ्या रकमेतून) जाणारा हा कर वाढत राहतो. ग्रेटस्कूल्सच्या पानावर याचा उल्लेख नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. मात्र कोणत्या घराला शाळेची बस मिळेल हे त्यावरून कळत नाही, हे मला खटकते. राज्याच्या नियमानुसार आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून दोन मैलांहून आणि हायस्कूलच्या मुलाचे अडीच मैलांहून दूर असेल, तरच बस देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याच्या आतल्या मुलांना कोठे सौजन्य म्हणून बस मिळते, कोठे शुल्क भरून मिळते, तर कोठे मिळतच नाही. आईवडील दोघेही सकाळी मेट्रोपार्क स्थानकाहून न्यूयॉर्कची गाडी पकडणारे असतील, तर शाळेचा आकडा आठ आहे की नऊ यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर रोजच्या जगण्यात अधिक मोलाचे ठरते. बालवाडी पूर्ण दिवसाची आहे की अर्ध्या दिवसाची, हाही त्याच जातीचा प्रश्न. त्याचे उत्तरही डिस्ट्रिक्टगणिक वेगळे मिळते.

पर्याय म्हणून शाळांना श्रेणी देणाऱ्या निश या कंपनीच्या श्रेणी पाहता येतात. त्यांत आकडेवारीबरोबर पालक आणि विद्यार्थी यांच्या अभिप्रायांचाही विचार होतो, पण बोलकी मंडळी अधिक अभिप्राय देतात हे ध्यानात ठेवावे. या दोहोंपेक्षा मला राज्याच्या शिक्षण विभागाचे वार्षिक शाळा-कामगिरी अहवाल अधिक उपयुक्त वाटले. ते रुक्ष आहेत आणि त्यांत एक ते दहांमधला आकडा नाही, पण दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण, विद्यार्थ्यांची प्रगती आणि शिक्षकांविषयीची माहिती एकाच जागी मिळते. शाळा-मंडळाच्या सभा कायद्याने लोकांना खुल्या असतात आणि त्यांची इतिवृत्ते सामान्यतः डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतात. हद्दी बदलण्याची चर्चा चालू असेल, तर ती तेथे वाचायला मिळते.

ही सगळी तपासणी करायला वेळ कमी असतो, कारण चांगले घर या पट्ट्यात बाजारात फार दिवस टिकत नाही. ऑफर मान्य झाल्यावरही न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या करारासाठी कामकाजाचे तीन दिवस वकिलांच्या तपासणीचे असतात, आणि त्या मुदतीत दोन्हींपैकी कोणत्याही बाजूचा वकील करार नामंजूर करू शकतो. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला आणि परिवहन विभागाला दूरध्वनी करून, घराचा पूर्ण पत्ता सांगून, शाळा कोणती आणि बस आहे का याचे उत्तर ईमेलवर लेखी मागायला तेवढे दिवस पुरतात. फक्त शुक्रवारी संध्याकाळी सही झाली असेल, तर सोमवारी सकाळी पहिला दूरध्वनी हाच करावा.