प्रागला निघालात आणि खिशात युरो आहेत? आधी हे वाचा

व्हिएन्नाहून रेल्वेने प्रागला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक लोकांच्या पाकिटात युरोच असतात. झेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, २००७ पासून शेंगेन या सामाईक व्हिसाच्या देशगटातही आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. चलन मात्र त्यांचं स्वतःचं, कोरुना. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हव्यात. युरो घेऊन आलेल्या माणसाला कोरुना लागतात आणि खरा भाव त्याच्या तोंडी नसतो, हे तिथले भामटे पक्कं ओळखून आहेत. आमचे २०० युरो त्यांनी पहिल्याच दिवशी, भर दुपारी, शेकडो माणसांच्या गर्दीत लांबवले.

मी, माझा नवरा आणि सासू-सासरे असे आम्ही चौघं होतो. हॉटेलवर सामान टाकून पायीच निघालो. जुनं प्राग पायीच बघावं. पंधराव्या शतकातला काळपट पावडर टॉवर, तिथून त्सेलेत्ना रस्त्याने जुन्या शहराचा चौक, पुढे कार्लोवा गल्लीतून चार्ल्स पूल, ही सगळी बोहेमियाच्या राजांच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीची वाट. चौकात टाउन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तास भरला की सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून ख्रिस्ताचे शिष्य एकामागून एक सरकतात, आणि खाली सगळा जमाव माना वर करून उभा असतो. (त्या वेळी पर्स पुढे घ्या. खिसेकापूंना याहून चांगली वेळ मिळत नाही.) जवळच फरशीत २७ पांढरे क्रॉस आहेत, १६२१ मध्ये तिथे मृत्युदंड दिलेल्या बंडखोरांच्या स्मरणार्थ. सासऱ्यांना इतिहासाची फार आवड, ते वाकून एकेक क्रॉस मोजत होते.

त्याआधी चौकाजवळच्या एका चलन बदलून देणाऱ्या दुकानात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, १०० युरो दिले होते. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘शून्य टक्के कमिशन’ आणि त्याखाली एक आकर्षक आकडा. तो आकडा दुकान युरो विकतं तेव्हाचा होता. आपले युरो विकत घेण्याचा भाव बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. हातात पडल्या १७०० कोरुना, म्हणजे युरोला फक्त १७. कमिशन शून्य ठेवून भावातच तीसेक टक्के कापून घेतले.

आम्ही दाराबाहेर पावती बघत त्याबद्दलच बोलत होतो, तेवढ्यात एक माणूस जवळ आला. चाळिशीचा, नीटनेटका, हातात ऑफिसची बॅग. म्हणाला, “हे लोक पर्यटकांना लुटतात, इथे परत जाऊ नका. मला उद्या जर्मनीला जायचंय, मला युरो हवेत. २६ ने देतो.” मोबाइलवर खरा भावही काढून दाखवला. लक्षात घ्या, दुकानाबद्दल आणि भावाबद्दल तो खोटं काहीच बोलत नव्हता: दुकानाने खरंच लुटलं होतं आणि मोबाइलवरचा भावही खरा होता. आधीच्या ठिकाणी चिडलेल्या माणसाला तो बरोबर गाठतो, म्हणून तर तो अशा दुकानांच्या दाराशीच उभा असतो.

नवऱ्याने २०० युरो दिले. त्या माणसाने ५२०० कोरुना मोजल्या, वर २०० ची एक नोट आणि खाली हजाराच्या पाच. मोजताना अंगठा नोटांच्या कडेवरून फिरत होता, त्यामुळे दिसत होते ते फक्त आकडे. मग रस्त्यापलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने “पोलिस, पोलिस” असं पुटपुटत गड्डी नवऱ्याच्या हातात कोंबली आणि गल्लीत शिरला.

पुढे एका टपरीवर सूप घेताना नवऱ्याने हजाराची नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने ती हातातही घेतली नाही, नुसती मान हलवली. सासूबाईंनी पर्समधून दुकानातून मिळालेली हजाराची नोट काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. “अगं, हिच्यावर माणूस आहे आणि हिच्यावर इमारत!” खरी नोट जांभळट, तिच्यावर दाढीवाले इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की. दुसरीवरची अक्षरं रशियन वळणाची. त्या बेलारूसच्या जुन्या रूबलच्या नोटा होत्या, २०१६ मध्ये चलनातून काढलेल्या. त्या वेळी १०,००० जुन्या रूबलना एक नवा रूबल मिळत होता, म्हणजे आमच्या पाचही नोटांचे मिळून अर्धा रूबल. आता तेवढेही मिळत नाहीत. वरची २०० ची नोट तेवढी खरी होती.

सासूबाईंनी पकडली ती खूण कायम ध्यानात ठेवा: झेक नोटेवर माणसाचा चेहरा असतो. १०० वर सम्राट चौथा चार्ल्स, २०० वर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, ५०० वर लेखिका बोझेना न्येम्त्सोवा, २००० वर गायिका एमा देस्तिनोवा, ५००० वर चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. सगळी अक्षरं रोमन लिपीत. इमारत किंवा रशियन वळणाची अक्षरं दिसली की ती कोरुना नव्हे.

आम्ही पोलिस ठाण्यात गेलो. रस्त्यात चलन बदलून देणं तिथे बेकायदा आहे. पोलिसांनी तक्रार नोंदवली, पण तो माणूस सापडायची आशा फारशी नाही हेही स्पष्ट सांगितलं. बाबा गप्प बसून होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला पाहिला की त्या भामट्याचा संताप येतो, आणि तो अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

तिथेच एका अधिकाऱ्याने बाबांच्या हातातली दुकानाची पावती बघितली आणि वेळ विचारली. १ एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे: परवानाधारक दुकानात १००० युरोपर्यंतचं चलन बदललं असेल, तर तीन तासांच्या आत त्याच दुकानात जाऊन, कुठलंही कारण न देता, व्यवहार रद्द करता येतो. रस्त्यावरच्या माणसाला अर्थातच हे लागू नाही. आमचे अडीच तास होत आले होते. १७०० कोरुना सासूबाईंच्या पर्समध्ये जशाच्या तशा होत्या. आम्ही अक्षरशः धावलो.

दुकानातल्या बाईंनी आधी ‘जमणार नाही’ अशी खूण केली. नवऱ्याने पावतीवरची वेळ दाखवली आणि दुकानांना परवाना देणाऱ्या झेक राष्ट्रीय बँकेचं नाव घेतलं. मग पुढे एक शब्द न बोलता त्यांनी कोरुना मोजून घेतल्या आणि १०० युरो खिडकीतून बाहेर सरकवले. म्हणून सांगते, पावती मागून घ्या, ती हॉटेलवर जाईपर्यंत टाकू नका, आणि भाव पटला नसेल तर त्या नोटा खर्चू नका.

संध्याकाळी आम्ही एका बँकेच्या एटीएममधून लागतील तेवढ्याच कोरुना काढल्या. पर्यटकांच्या वाटेवर दर पन्नास पावलांवर जी सुटी यंत्रं उभी आहेत ती टाळून बँकेच्या शाखेचं यंत्र शोधा. रक्कम तुमच्या कार्डाच्या चलनात वळवून हवी का, असं पडद्यावर विचारतील. नकार द्या. नकार दिला तरी पैसे निघतात आणि मग भाव तुमच्या कार्डाचा लागतो, यंत्रवाल्याचा नाही. ट्रामच्या तिकिटाला आणि बहुतेक हॉटेलांत कार्ड चालतं, त्यामुळे रोकड फार लागतच नाही. आणि कुणी रस्त्यात भाव सांगत जवळ आलंच, तर न थांबता पुढे चला. मागे लागला तर पोलिसांचा क्रमांक १५८.